जखम भरू देऊ नका

माझ्या डाव्या डोळ्यात फूल पडलंय. बुबुळाच्या बाहेरच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढं, पांढरं. ज्याला बघायचं त्यानं सरळ बघावं. बोलता बोलता नजर चोरून बघतात ना, त्यांचा मला राग येतो. एका लग्नाला निघाले तर नणंदेनं काळा चष्मा आणून हातात दिला, "लोकं विचारतात गं" म्हणाली. म्हटलं, विचारू देत की! मी काय चोरी केलीय? चष्मा मी तिलाच परत दिला, ऊन तिलाही लागतंच.

मी दुधाची गाडी चालवते. पाथर्डीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो. पण गाई आहेत, म्हणून दूध आहे. सहा वस्त्यांवरून सकाळी कॅन गोळा करायचे आणि नऊच्या आत शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हे माझं काम. नवरा नगरला नागापूरच्या एमआयडीसीत आहे, तिथंच खोली करून राहतो, सुट्टीच्या दिवशी येतो. गाडी आधी त्याचा चुलतभाऊ चालवायचा. तीन महिन्यांत कंटाळला. मी म्हटलं, द्या इकडं चावी. गावानं तोंडात बोटं घातली. एकजण पारावर बसून म्हणाला, बाईनं नेलेलं दूध नासतं. मी गाडी थांबवून विचारलं, "अन् धार कोण काढतं तुमच्या घरी?"

सांगायचं हे की डोळा गेला असता तर माझी गाडी गेली असती. आमचा रस्ता एकेरी, वळणावळणाचा, समोरून ऊसतोडीच्या मजुरांनी भरलेला ट्रक आला की डावं चाक मातीत उतरवावं लागतं. डाव्या बाजूचा अंदाज नसेल तर तिथं गाडी चालवायचं नाव काढू नये. मला दुसरं काही येत नाही असं नाही, पण दुसरं काही मला करायचं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. गाईंसाठी उसाचं वाढं आणलं होतं. ऊस तोडल्यावर शेंड्याचा जो हिरवा पाला उरतो त्याला आमच्याकडं वाढं म्हणतात, गाईंचा तो जीव की प्राण. मध्येच अवकाळी येऊन गेला आणि गंजीतल्या मधल्या पेंढ्या भिजल्या. आतून गरम झाल्या होत्या, पानांवर काळे ठिपके आले होते. मला घाई. पेंढी निघेना म्हणून पाय लावून ओढली, तर एक पान सपकन डोळ्यावरून गेलं. उसाच्या पानाची कड म्हणजे बारीक करवत. डोळ्यातून पाण्याची धार लागली. मी तिथंच खाली बसले आणि त्या पानाला, गाईला, पावसाला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

आवाज ऐकून आत्याबाई आल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आता आत्याबाईंविषयी सांगायला हवं. डोळ्यात काही गेलं की आजूबाजूच्या चार गावांतली माणसं आमच्या अंगणात यायची. बाजरीचं कुसळ असो, भुसा असो, वेल्डिंगचा कीस असो. आत्याबाई तीन चुळा भरायच्या, माणसाला उंबऱ्यावर बसवायच्या, दोन बोटांनी पापणी फाकवायच्या आणि जिभेचं टोक डोळ्यातून फिरवायच्या. मग जीभ बाहेर काढून दाखवायच्या. टोकावर ते कुसळ. चाळीस वर्षं हे केलं त्यांनी, आणि कोणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. घेतलं तर गुण जातो, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. मोठमोठी माणसं आमच्या उंबऱ्यावर मान वर करून बसलेली मी बघितलीत. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

माझ्याही डोळ्यातून जीभ फिरली. पानाचा बारीक तुकडा निघाला. "निगालं बग, पोरी," आत्याबाई म्हणाल्या. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी काढली.

तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. केंद्रावर दूध उतरवून मी बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, लाल डोळ्याचं द्या. त्यानं न बघताच बाटली दिली. अशी थंडगार, अशी गोड! दोन दिवसांत डोळा पांढरा स्वच्छ. मी चार जणींना त्या बाटलीचं नाव सांगून मोकळी झाले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. सहाव्या दिवशी उजेड सहन होईना. आरशात बघितलं तर बुबुळावर पांढरा ठिपका, कडा पिंजलेल्या कापसासारख्या.

नवरा सुट्टी टाकून आला आणि मला नगरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. आत्याबाई हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि माझ्यासारख्याच तापट. त्यांनी डोळा बघितला, बाटली बघितली आणि बाटली सरळ कचऱ्यात टाकली. डोळा बधिर केला, पापण्यांना चिमटा लावला आणि बारीक पात्यानं तो ठिपका खरवडला. दुखत नाही, पण पातं येताना दिसतं. डोळा मिटता येत नाही. माणसानं आयुष्यात कधी असा धीर धरला नसेल तर मला शिकवायला येऊ नये.

खरवडलेलं काचेवर घेऊन त्यांनी यंत्राखाली धरलं आणि म्हणाल्या, "या, बघा स्वतःच." मी उजवा डोळा लावला. पांढरट धागे, फांद्या फुटलेले, एकातून एक निघालेले.

"ही तर हरळी!" मी म्हटलं.

त्यांना हरळी माहीत नव्हती. मी सांगितलं, रानात एकदा शिरली की मुळ्या जमिनीखालून पळतात, कुदळीनं तोडली तर तुकड्यागणिक नवी फुटते. त्या पहिल्यांदाच हसल्या. "तीच समजा. ही बुरशी आहे." मग त्यांनी समजावलं ते मला नीट आठवतं. बुरशीचे कण रोजच आपल्या डोळ्यात पडत असतात, धुळीतून, चाऱ्यातून. पापणी पुसून टाकते, अश्रू धुऊन नेतात. आणि सगळ्यात वर डोळ्याच्या काचेवर एक पातळ पापुद्रा असतो, चारसहा थरांचा, तो त्यांना आत घेत नाही. बुरशीला तो सहजासहजी फोडता येत नाही. ती वाट बघते. पानानं पापुद्रा कापला आणि तिला वाट मिळाली. डोळा लाल झाला तो अंगातले राखणदार धावून आले म्हणून. मी घातलेल्या थेंबांनी त्या राखणदारांनाच झोपवलं. लाली गेली, बुरशी मजेत आत वाढली.

"डोळ्याला आणखी काय लावलं होतं? घरगुती काही?" त्यांनी विचारलं. मागं उभा असलेला त्यांचा मदतनीस हळूच हसून म्हणाला, "खेड्यातली माणसं मॅडम, जीभ लावली असेल कोणीतरी." आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"कोणी नाही लावली," मी म्हटलं. "पाण्यानं धुतला." त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं होतं. चाळीस वर्षं फुकट सेवा केलेल्या बाईवर याच्यासारख्यानं हसावं? डॉक्टरांशी खोटं बोलणं वाईट, मला कळतं. पण त्या क्षणी पुन्हा उभं केलं तर पुन्हा तेच बोलेन.

औषध आलं ते पांढरं, घट्ट, ताकासारखं. बाटली हलवून दर तासाला एक थेंब. दर तासाला म्हणजे दर तासाला, जेवण नाही बघायचं, झोप नाही बघायची. आत्याबाईंना घड्याळ कळत नाही, म्हणून मी मोबाईलला गजर लावून दिले. गजर झाला की त्या हातातलं पीठ धुऊन, साबण लावून येणार. थेंब पडला की म्हणणार, "रामा, सोड रं हिला." मदतनीसाच्या त्या बोलण्यावर आम्ही दोघी घरी एक अक्षर बोललो नाही. धार काढायला जाऊबाई, आणि गाडीवर पुन्हा तोच कंटाळलेला चुलतभाऊ.

आठवड्यानं आरशात बघितलं तर डोळा गुळगुळीत! टोचणं गेलं होतं. मी पोहे केले, सगळ्यांना वाढले, गाणी म्हटली. दवाखान्यात गेले ती नाचतच. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं आणि त्यांचं तोंड पडलं. "जखम भरलीय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग वाईट झालं. पापुद्रा वरून भरून आला आणि बुरशी खालीच राहिली. हे औषध अख्ख्या पापुद्र्यातून नीट आत जात नाही. तो काढायला लागेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा असा राग आला! माझं अंग, माझी कातडी, रात्रंदिवस राबून दार लावून घेत होती आणि चोर आतच. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कोणाकडं मागायची? त्यांनी पुन्हा चिमटा लावला आणि तो नवा कोवळा पापुद्रा सगळा खरवडून काढला. घरी आले तेव्हा डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं होतं. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं म्हणतात. माझी मुंगी तर उलटी चालली होती.

पाचव्या दिवशी पुन्हा डोळा गुळगुळीत. आता मला तो गुळगुळीतपणा शत्रूसारखा वाटायला लागला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा खरवडायला जायचं ठरलं होतं, तर संध्याकाळी घरात बैठक बसली. नवरा, थोरले दीर, नणंद. दीर म्हणाले, शेवगावकडं एकजण झाडपाल्याचा रस घालतो, एका फेरीत गुण. नवरा म्हणाला, तिचे हाल बघवत नाहीत, जे व्हायचं ते होऊ दे. नणंद रडायला लागली. आणि आत्याबाई, ज्या आजवर गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "भरल्याली जखम उकरायची ही कुठली रीत हाय? देव भरतोय आन् त्या बया सोलत्यात. मी लई डोळं बगितलं. भरतंय म्हंजे बरं हुतंय. उद्या जायाचं न्हाई."

"आत्याबाई, वरून भरतंय. आत काय चाललंय ते तुम्हाला दिसतं का?"

"तुला दिसतंय व्हय?"

"मला नाही दिसत. म्हणूनच जिला दिसतं तिच्याकडं जाते."

त्या ताडकन उठून आत गेल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांना असं उलटं मी कधी बोलले नव्हते. पण डोळा माझा होता. हाल बघवत नाहीत म्हणणाऱ्यांनी दुसरीकडं बघावं, मी तेवढंच म्हटलं आणि जाऊन पडले.

सकाळी डोळ्याला पट्टी लावून मी एकटीच फाट्यावर गेले. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. बस सुटणार इतक्यात कोणीतरी दारावर थापा मारल्या. आत्याबाई. चप्पल एका पायात, दुसरी हातात. येऊन माझ्या शेजारी बसल्या. दोघींचं तिकीट त्यांनीच काढलं. मीही हट्टी, काढू दिलं.

आत गेलो. मी खुर्चीत बसायच्या आधीच त्या डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहिल्या. "बाई, जीभ मी लावली हुती. हिनं मला झाकलं. ही खोटं बोलली त्ये माज्यापायी. आता खरं सांगा, माज्या जिभंनं झालं का ह्ये?"

तो मदतनीस तिथंच होता. हसला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाली बसवलं. म्हणाल्या, "बुरशी पानानं आणली, आजी. पण कापलेल्या डोळ्यावर जीभ फिरली की आजूबाजूचा पापुद्राही सोलला जातो, वाट मोठी होते, तोंडातले जंतूही जातात. तुमच्यामुळं किती झालं ते मला सांगता येणार नाही. नाही झालं असंही म्हणणार नाही." मला वाटलं होतं त्या गोड बोलून सोडवतील. नाही सोडवलं. आणि आत्याबाईंना तेच पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही एवढे डोळे बघितलेत, हाही बघा." मला यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली, उजेडाची बारीक चीर माझ्या डोळ्यावर टाकली आणि पलीकडून आत्याबाईंना बघायला बसवलं.

मला दिसत होता तो फक्त उजेड, आणि ऐकू येत होता त्यांचा श्वास.

"वर साय धरलीय," त्या म्हणाल्या. "चांगली घट्ट साय. आन् खाली नासलंय."

"हो, अगदी तसंच."

आत्याबाई उठल्या. माझ्या मागं येऊन त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, पोटाशी घट्ट. "खरवडा," म्हणाल्या. "हालू देत न्हाई मी हिला."

मी त्या दिवशी रडले. पात्याला भिऊन नाही. इतके दिवस एकटी भांडत होते आणि आता डोकं टेकवायला कोणीतरी मिळालं होतं, म्हणून रडले. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "पाणी थांबवा, मला दिसत नाहीये!" मग हसायलाच आलं.

त्यानंतर अजून एकदा खरवडलं. मग एके दिवशी डोळा भरला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भरू दे. खाली काही उरलं नव्हतं. राहिला तो पांढरा डाग. नशीब माझं, तो कडेला होता. मधोमध असता तर डोळा असून नसल्यासारखा. उजवा डोळा झाकून त्यांनी मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली, शेवटच्या ओळीचाही अंदाजपंचे प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "पुरे, परीक्षा पास." गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून घेतलं त्यांच्याकडून.

ते लिहिलेलं घेऊन मी केंद्रावर गेले. तिथला माणूस कागद न वाचता माझ्या डोळ्याकडं बघत बसला. म्हणाला, "वहिनी, राहू द्या आता. लोकांना बरं वाटत नाही." मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "लोकांना काय वाटतं ते यात लिहिलेलं नाही. मला काय दिसतं ते लिहिलंय. वाचा मोठ्यानं." वाचायला लावलं. चुलतभावानं त्याच दिवशी आनंदानं चावी दिली.

गाडी पुन्हा सुरू करून आठवडा झाला असेल. कॅन भरून मी घरासमोर थांबले होते, तर पलीकडच्या वस्तीवरचा एक शेतकरी डोळ्याला उपरणं धरून अंगणात आला. बाजरी मळताना कुसळ गेलं होतं. नेहमीसारखा उंबऱ्यावर बसला, मान वर केली. मी गाडीतून उतरले. भांडायची तयारी करूनच उतरले होते.

आत्याबाई बाहेर आल्या. हातात तांब्या. मला वाटलं, चुळा भरणार. त्यांनी त्याच्या डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार धरली, आणि म्हणाल्या, "चोळू नगंस. ही जीभ आता भाकरी खायापुरती. हिच्या गाडीत बस. आदी दूध उतरवंल, मंग तुला दवाखान्यात सोडंल."

तो बिचारा गांगरला. एका डोळ्यानं माझ्या फुलाकडं बघून म्हणाला, "हिच्या गाडीत? हिला दिसतंय का पन?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"तिला दिसतंय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं दिसलं न्हाई ते मला. ऊठ, बस गाडीत."